कपाटातल्या पुतळ्याचे नाक

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुना पुतळा आहे आणि तोही फक्त मानेपर्यंतचा. आरेकिपा शहरातल्या एका सरकारी शाळेच्या चित्रकला वर्गात माझा मुक्काम. तिथल्या फाउस्तीनो सरांच्या गुरूंनी मला प्लास्टरमध्ये घडवले, घासून गुळगुळीत केले आणि शाळेला देऊन टाकले. माझे नाक सरळ आणि धारदार होते. लोक लांबून ते पाहायला येत, असे मी म्हणालो तर थोडे वाढवून सांगितल्यासारखे होईल. पण तपासनीस साहेब दोनदा आले होते, ते खरे.

वर्गाचा नियम साधा. पहिल्या वर्गातल्या मुलांनी वर्षभर कोळशाने मलाच काढायचे. मी जमलो की मधल्या वर्गात शाई, आणि वरच्या वर्गात रंग आणि समोर बसलेली जिवंत माणसे. नाही जमलो, तर पुन्हा मीच!

एकदा धरणी हलली. आमच्याकडे ती हलतेच. सरांनी मुलांना, भूकंपात उभे राहण्यासाठी अंगणात रंगवलेल्या गोलात नेऊन उभे केले आणि इकडे मी स्टुलावरून तोंडघशी पडलो. नाकाचा भुगा झाला, ओठापर्यंत चीर गेली. परतल्यावर सरांनी मला उचलले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवले, कपाट भिंतीला ठोकून घेतले आणि कुलूप घातले.

"आता तुला काही होणार नाही," ते म्हणाले.

खरेच काही झाले नाही. अकरा वर्षे काहीच झाले नाही. काचेवर धूळ चढत गेली. शेजारी सरांनी माझे जुने, नाकासकटचे चित्र टांगले होते. मुले मला बघण्याचे नाटक करीत आणि ते चित्र उतरवीत. अकरा तुकड्या पुढे सरकल्या, पण माझे नाक तुटलेय हे एकालाही दिसले नाही. मला ओरडावेसे वाटे, जीव गुदमरे. पण प्लास्टरचे ओठ कुठले उघडायला?

मग नेलिदा आली. तिची आई बाजारात मिरच्या विकायची आणि पोरीची जीभही त्याच पाटीतली होती. तिने बाहीने काच पुसली, नाक काचेला लावून मला पाहिले आणि दिसले तसे काढले.

"नाक कुठंय?" सरांनी विचारले.

"नाहीच आहे, सर."

"पुन्हा काढ."

ती नापास झाली. दुसऱ्या वर्षी लहान मुलांच्यात बसली. मधल्या वर्गात गेलेला तिचा मित्र उर्बानो येता-जाता चिडवायचा, "अगं बाई, काढ की एक नाक! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"आज याचं नाक मनानं काढलं, तर उद्या जिवंत माणसाचंही मनानंच काढीन. जा तू, शाई सांडेल तुझी."

त्या वर्षी पुन्हा नापास झाली, तर चित्रकलेतून तिचे नाव कापले जाणार होते. तरी परीक्षेत तिने तेच काढले. तुटके नाक, ओठापर्यंत आलेली चीर, सगळे. सर लालबुंद झाले.

"दोन वर्षं शिकवतोय! पालथ्या घड्यावर पाणी!"

"मग कपाट उघडा ना, सर. हात लावून बघा."

किल्ली सरांच्याच खिशात होती. कुलूप गंजले होते, दोनदा अडले. त्यांनी मला बाहेर काढले आणि त्यांचा अंगठा माझ्या नाकाच्या जागी येऊन थांबला.

"मला माहीत होतं गं," ते हळूच म्हणाले. "बघवत नव्हतं."

त्यांनी तिच्या कागदावर सही केली. "जा, मधल्या वर्गात बस."

ती उड्या मारत गेली. मी मात्र पुन्हा कपाटात कोंडला जाण्याची वाट पाहत राहिलो. सरांनी माझ्याकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले. मग भिंतीवरचे ते देखणे चित्र उतरवले, कपाटात ठेवले आणि त्याला कुलूप घातले.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, धूळ झटका, पडू लागल्या तर धरा. कोंडू मात्र नका. आता पहिल्या वर्गातली मुले आधी मला चाचपतात आणि मगच कागद घेतात. त्यांच्या बोटांच्या कोळशाने माझे तोंड काळेकुट्ट झाले आहे. परवा शिपाई ओले फडके घेऊन आला होता. ही धूळ नव्हे; मला पुसू नका हो, एवढेच मागणे आहे.