गाडीचं बीपी

"दाजी, पुन्हा गळायला लागलं!" मेव्हणा ओरडला आणि वाळूची बादली उचलून दोन पावलं मागे सरला.

मिस्त्रींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. बंद कसलं, ते आधीच ठसकत, काळा धूर ओकत गप्प झालं होतं. कार्बोरेटरवरून पेट्रोल ओघळत होतं आणि शेडभर वास सुटला होता.

"बादली घेऊन पळतोस कुठे? आग लागली तर वाळू टाकायची असते, सोबत न्यायची नसते."

"मी शिंपी आहे, दाजी. आगीचं खातं माझ्याकडे नाही. आणि ताईची ड्युटी चारला संपते, एवढंच सांगतो."

ते मिस्त्रींना सांगायची काही गरज नव्हती. त्यांची बायको बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती आणि आज तिचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे, आणि ऐकून ऐकून मिस्त्रीही तेच म्हणत. बायकोला सिस्टर म्हणणारा एकमेव नवरा म्हणून मेव्हण्याने त्यांची भरपूर टिंगल करून झाली होती. ही गाडी सिस्टरची. तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेली. बंद पडली तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "या रविवारी बघतो." त्यानंतर लोकांचे ट्रक बघितले, ट्रॅक्टर बघितले, विहिरींवरची इंजिनं बघितली. सिस्टर वर्षानुवर्षं बसने जात राहिली. एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मिस्त्रींना जास्त लागायचं. आज काही झालं तरी ती याच गाडीतून घरी यायला हवी होती.

काम त्यांनी मनापासून केलं होतं. टाकी उतरवून आतला गंज धुतला. तडकलेल्या नळ्या काढून नव्या टाकल्या, आणि लोखंडी पाइप धुराच्या नळकांड्यापासून लांबून नेला, म्हणजे उष्णतेने आतलं पेट्रोल उकळायला नको. इंजिनावरचा जुना पंप फाटला होता. त्याच्या जागी विजेवरचा नवा घेतला आणि मागे टाकीपाशी बसवला, कारण हे पंप ढकलण्यात वाघ, ओढण्यात शेळी. पुढे गाळणी, त्यापुढे दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर. सगळं कसं नवऱ्या मुलासारखं सजलेलं. आणि तरी कार्बोरेटर पेट्रोल ओकत होता.

"सुई खराब असणार," मिस्त्री तिसऱ्यांदा म्हणाले. कार्बोरेटरच्या पोटात एक तरंगता गोळा असतो. पेट्रोल पुरेसं आलं की तो वर येतो आणि सुईने दार लावून घेतो. "दार लागतच नाहीये."

"आणि मागून कुणी जोराने ढकलत असेल तर?"

"ढकलतंय कुठे? हे बघ." मिस्त्रींनी नळीला जोडलेलं, दाब मोजायचं जाडजूड गेज दाखवलं. काटा शून्यापासून जेमतेम हलला होता. "दाबच नाही. म्हणून तर रेग्युलेटरचा स्क्रू आवळून दाब वाढवतोय."

गेज कारखान्यातलं होतं. मिस्त्रींचा जन्म डिझेल पंपांच्या कारखान्यात गेला. तिथे जोर म्हणजे सगळं. इंधनाची धार अशी सुटायची की बोट आडवं घालायची कुणाची छाती नव्हती. त्या गेजवर त्यांचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता.

फोन वाजला. सिस्टरच होती.

"जेवलात का?"

"जेवतो. जरा काम होतं... बागेत."

"बागेत पेट्रोल घालता का? पंधरा दिवस उशीला वास येतोय." मागे कुठलंसं बाळ टाहो फोडत होतं. "चालू झाली का माझी गाडी?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. मेव्हणा बादलीआड लपला.

"चालू होते, ठसकते आणि बंद पडते," ते हळू आवाजात म्हणाले. "तोंडातून सगळं बाहेर टाकते."

"अहो, मग बाटलीचं भोक मोठं झालंय. बाळाच्या तोंडात धार सोडली तर ते ओकणारच. कमी करा की."

"कमीच आहे. गेज दाखवतंय."

"कुठलं गेज? ते कारखान्यातलं? अहो, धान्याच्या काट्यावर कधी बाळाचं वजन केलंय का?"

मिस्त्री गेजकडे बघत राहिले. त्यावरच्या पहिल्या रेघेच्या आतच या कार्बोरेटरचं सगळं आयुष्य मावलं असतं; एवढा हलका दाब त्याला दिसणारच नव्हता. आणि ते सकाळपासून स्क्रू आवळत होते!

"माझं बीपीचं घड्याळ कपाटात आहे," सिस्टर म्हणाली. "घ्या. उद्यापासून मला फक्त तुमचंच बीपी बघायचंय, ते काय, चेहऱ्यावरून कळतं."

मग धांदल उडाली. मेव्हण्याने घड्याळ आणलं. मिस्त्रींनी सांडलेलं पेट्रोल पुसून काढलं आणि शेडची दारं सताड उघडून वास जाऊ दिला. रेग्युलेटरचा स्क्रू पार सैल केला. पंपाच्या खोक्यावर कार्बोरेटरला लागणारा दाब छापलेला होता. त्याचा बीपीसारखा पाऱ्याच्या मिलिमीटरात हिशेब केला, तर साधारण दीडशे आला. घड्याळाला लांब रबरी नळी जोडून ती मेव्हण्याला उंच धरायला लावली, म्हणजे पेट्रोल तबकडीपर्यंत चढायला नको.

इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी स्क्रू केसभर फिरवला.

"ऐंशी," मेव्हणा हात वर करून ओरडला. "शंभर. एकशे तीस. दाजी, सावकाश, पेशंट नाजूक आहे! दीडशे!"

मिस्त्रींनी हात काढून घेतला. इंजिन चालत राहिलं. कार्बोरेटर कोरडा ठणठणीत. त्यांनी जन्मभर गर्जना ऐकल्या होत्या; हे इंजिन नुसतं गुणगुणत होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मेव्हण्याला मिठीच मारली, आणि शिंप्याचा पांढरा शर्ट कामातून गेला.

घड्याळ काढून नळीचं तोंड बंद केलं, सगळे जोड पुन्हा कोरड्या कापडाने तपासले, आणि चारच्या ठोक्याला गाडी दवाखान्याच्या फाटकात उभी राहिली. सिस्टर दोन्ही हात भरून फुलं घेऊन बाहेर आली. मागे अख्खा वॉर्ड निरोपाला. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवला.

"बीपी किती?"

"दीडशे."

"माणूस असता तर ॲडमिट करून घेतला असता," ती म्हणाली आणि खुदकन हसली. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसली.

मिस्त्री उतरून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. फुलं त्यांच्या मांडीवर आली. सिस्टरने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला.

"उशीर झाला," मिस्त्री म्हणाले.

"छे, वेळेवर आलात की."

"आजचं नाही म्हणत मी."

सिस्टरने गिअर टाकला. "माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

घर डावीकडे होतं. तिने उजवीकडे वळवली.

"अगं, कुठे निघालीस?"

"टाकीत किती आहे?"

"काठोकाठ."

"मग बसा गप्प," सिस्टर म्हणाली. मिस्त्रींनी फुलं नीट सावरली, काच खाली केली आणि ते गप्प बसले.