ब्रदर प्रुइटचा धोंडा

जत्रेच्या मैदानावरच्या पांढऱ्या तंबूत त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली जुलैची हवा अंगाला चिकटते. त्या चिकचिकाटात अख्खं हॅलोवे गाव आणि आसपासच्या गावांतली आजारी माणसं घडीच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसली होती. कुणी कुबड्या घेऊन आलं होतं, कुणी ऑक्सिजनचं नळकांडं ओढत. आणि सगळ्यांच्या नजरा मंचावरच्या टेबलावर ठेवलेल्या एका दगडावर खिळल्या होत्या.

दगड साधाच होता. नांगराला अडकतो तसला करडा, उशीएवढा, अंगावर एक पांढरी शीर. प्रार्थनेने रोग घालवतो म्हणणारे फिरते धर्मोपदेशक ब्रदर डेल प्रुइट त्याला हट्टी धोंडा म्हणत. आजारी माणसाने आधी तो उचलून बघायचा. तो जागचा हलत नसे. मग ब्रदर त्यावर चादर पांघरत, सगळा तंबू मान खाली घालून, डोळे मिटून प्रार्थना करी, चादर निघे आणि तेच माणूस धोंडा छातीपर्यंत उचली. धोंडा उचलला म्हणजे रोग गेला. खाली उतरताना आपली औषधं पायऱ्यांजवळच्या टोपलीत टाकून द्यायची.

"दगड जड नसतो, लोकहो," रुमालाने मान पुसत ब्रदर सांगत होते. "जड असतो तो संशय. डॉक्टरला विचारा, माझा आजार कधी जाईल. तो म्हणतो, पुढच्या महिन्यात या. देवाने कधी कुणाला पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे का?"

लोक हसले, काही रडलेही. ब्रदर देवाच्या वतीने इतकं बोलत की बिचाऱ्या देवाला तोंड उघडायला सवडच मिळत नसे.

तिसऱ्या रांगेत मार्लिस हार्म्स बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची नऊ वर्षांची मुलगी कोरा पेंगत होती, आणि शेजारी सासूबाई ओर्लीन हात जोडून पुटपुटत होत्या. मार्लिस घरच्या स्वयंपाकघरात केक सजवून विकायची. कोराला लहानपणापासून मधुमेह होता, सुईशिवाय न जगू देणारा. रोज बोटं टोचायची, रोज पोटात सुई खुपसायची, पोरगी झोपली की तिचा श्वास चालू आहे ना हे बघायला उठायचं. मागच्या हिवाळ्यात कोरा शाळेत बेशुद्ध पडली, तेव्हापासून मार्लिसच्या जिवाला थारा नव्हता. "हे कधीपर्यंत, आई?" असं कोराने विचारलं की ती सिंककडे तोंड करून भांडी घासू लागायची. खरं उत्तर तिच्याने देववत नव्हतं.

दवाखान्यातली नर्स बेव तिला फोनवर बजावून थकली होती. "मार्लिस, तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. त्याला औषध समजूच नकोस, ते तिचं अन्न आहे. एक दिवस चुकवलंस तरी पोर हातची जाईल." पण ब्रदरांची अट होती की धोंड्याजवळ येणाऱ्याने आदल्या रात्रीपासून औषधाला शिवायचं नाही. मार्लिसने ती पाळली होती. सकाळपासून कोरा पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करत होती आणि मार्लिस स्वतःची समजूत घालत होती की उन्हाळाच तसा आहे.

एवढी शहाणी बाई या फंदात पडली कशी? त्यालाही कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी परगावची एक मृदू बोलणारी बाई तिच्याकडे एका दगडाचा फोटो घेऊन आली होती. नवरा दगडाच्या खाणीतून निवृत्त होतोय, मेजवानीत केकच्या शेजारी हुबेहूब हा दगड हवा, आणि हलका हवा, नातवंडांना उचलता येईल असा. मार्लिसने बटर आणि मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई वितळवून त्यात तांदळाचं कुरकुरीत सिरीयल घोळलं, हाताला बटर चोळून कुरमुऱ्याचा लाडू वळावा तसं ते दाबून दाबून बसवलं, आतून पोकळ ठेवलं. रात्रभर सुकल्यावर करवती सुरीने कोपरे तासले, खड्डे पांढऱ्या चॉकलेटने बुजवले आणि वरून नेहमीसारखा बदामाचा अर्क घातलेलं साखरेचं करडं आवरण चढवलं. पांढरी शीर बारीक कुंचल्याने रंगवली. इतका खरा दगड तिच्या हातून कधी झाला नव्हता.

पुढे तंबूत पहिल्याच दिवशी तिने हट्टी धोंडा पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. तोच आकार, तीच शीर. दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं की यात काहीतरी पाणी मुरतंय. मार्लिसला वाटलं, देवाने हा दगड मला आधीच दाखवला, माझ्या हातांनी घडवून घेतला, तो मला बोलावतोय. डोळ्यांपुढे पुरावा होता आणि तिने त्याचा दृष्टांत केला. तिला हसू नका. ज्याचं मूल मरणाच्या दारात असतं, त्याला असा दृष्टांत दगडातही सापडतो.

कोराचं नाव पुकारलं गेलं. ती टेबलाशी गेली, धोंड्याला दोन्ही हात घातले, दात आवळले. धोंडा ढिम्म. ब्रदरांनी चादर टाकली आणि हात वर केले. सगळ्या माना खाली गेल्या. या गावात प्रार्थना चालू असताना डोळे उघडणं म्हणजे भर पंगतीत ढेकर देण्यासारखं. पाळण्यातल्या पोरालाही तेवढं कळतं. त्यामुळे तंबूभर माणसं होती, पण साक्षीदार एकही नव्हता.

"आमेन," ब्रदर म्हणाले. चादर निघाली. कोराने धोंडा उचलला, छातीशी धरला आणि आईकडे बघून हसली.

ओर्लीन ओक्साबोक्शी रडू लागल्या. मार्लिसने कोराची सुयांची पिशवी टोपलीत टाकली. तिच्या आयुष्यात इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

कोरा जागेवर आली, बसली आणि तळवे बघू लागली. ते करडे, चिकट झाले होते. तिने बोट जिभेला लावलं.

"आई, हा तुझा दगड आहे," ती हळूच म्हणाली. "तुझ्यासारखा बदामाचा वास येतोय याला."

"गप्प बस."

"खरंच, आई. चाटून बघ."

"गप्प बस म्हटलं ना, कोरा."

मार्लिसला कळलं होतं. तळव्यांवरचा रंग दिसताक्षणीच कळलं होतं, पण ते कळून घ्यायची तिची तयारी नव्हती. आणखी थोडा वेळ, एवढी एक संध्याकाळ तिला बरी झालेली मुलगी हवी होती. इतक्यात कोराने पुन्हा पाणी मागितलं आणि ती आईच्या खांद्यावर कलंडली. तिच्या तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. हा वास अंगात इन्सुलिन नसल्याचा, हे बेवने मार्लिसला कितीदा सांगितलं होतं.

मार्लिस उठली. टोपलीतून तिने पिशवी ओढून काढली, तिथेच गुडघ्यांवर बसून पोरीला सुई टोचली आणि सासूबाईंना म्हणाली, "हिला गाडीत न्या. इस्पितळात जायचंय."

"पोरी, देवाने दिलेलं परत करू नकोस," ओर्लीन काकुळतीला आल्या.

"देवाने नाही दिलेलं. मी केलंय ते."

ती मंचावर चढली. हृदयविकाराचे एक म्हातारे गृहस्थ धोंड्याशी झटून दमले होते आणि ब्रदरांनी पांघरायला नुकतीच चादर हातात घेतली होती.

"ब्रदर, करा प्रार्थना," मार्लिस म्हणाली. "या वेळी मी डोळे उघडे ठेवते."

ब्रदर गोड हसले. "भगिनी, उघड्या डोळ्यांत संशय असतो. संशय आला की धोंडा जड होतो."

"तो जडच आहे. हलका खाली आहे."

तिने टेबलावरचं जमिनीपर्यंत आलेलं कापड खेचलं. खाली चाकांची फळी होती, फळीवर दुसरा धोंडा, आणि फळीमागे अवघडून बसलेली ती मृदू बोलणारी बाई. डोळे मिटलेल्या माणसांसमोर ही बाई आणि ब्रदर मिळून जड दगड खाली सरकवत आणि हलका वर ठेवत, मग आभाराच्या प्रार्थनेत पुन्हा उलट करत. त्या घामट हवेत साखरेचं आवरण सुटू लागलं होतं. नाहीतर आणखी चार गावं तरी पार पडली असती.

मार्लिसने आपला धोंडा उचलून मंचावर आपटला. तो फुटला आणि पिवळसर कुरकुरीत दाणे पायऱ्यांपर्यंत सांडले. कुणीतरी ओरडलं की ही बाई देवाला दुखावतेय. ब्रदर खऱ्या धोंड्याकडे बघतही नव्हते, कारण तो आता कुणालाच हलणार नव्हता. पण ते म्हातारे गृहस्थ कण्हत पायऱ्या उतरले, टोपलीपाशी वाकले आणि आपल्या गोळ्या शोधू लागले. त्यांच्यामागे एकेक माणूस आलं. लोक एकमेकांना डब्यांवरची नावं वाचून दाखवत होते.

कोरा वाचली. दोन रात्री इस्पितळात काढाव्या लागल्या, एवढंच. त्या तंबूतून घरी जाऊन औषध न घेतलेलं कुणी असेल, तर त्याची खबर ब्रदरांना कधीच कळणार नव्हती. ते तोवर पुढच्या गावाला पोहोचले असते.

डोळे मिटून प्रार्थना करायला कुणाची हरकत नाही. दुःखात माणूस आणखी काय करणार? पण ज्याने दगड आणला, त्यानेच डोळे मिटायला सांगितले, तर ते उघडे ठेवा. आणि औषध टाकायला सांगणारा साधू असो की सज्जन, त्याच्याकडे पाठ फिरवा. चमत्कार खरा असेल तर तो तुमच्या बघण्याने बिघडणार नाही.

इस्पितळातल्या खाटेवर कोराने डोळे उघडले तेव्हा मार्लिस उशाशी बसली होती.

"म्हणजे मी बरी झालेच नव्हते ना, आई?"

"नाही, बाळा."

"मग हे कधीपर्यंत?"

या वेळी मार्लिसने तोंड फिरवलं नाही. तिने कोराचं बोट हातात घेतलं, पुसलं आणि टोचायची सुई उघडली.

"कायम," ती म्हणाली. "आणि सुई मी रोज देणार."