केसाच्या निम्म्यानं

अरिबाचं लग्न झालं ते साल दोन हजार एकोणीस. मेहंदीच्या दिवशी नवरीचे वडील नांदगावच्या घरी नव्हते. नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, प्रफुल्ल शेठच्या शेडमध्ये, पंचवीस वर्षं जुन्या मिलिंग मशीनपुढं उभे राहून मशीन-दुरुस्तीवाले खलीलभाई मापाच्या डायलची सुई बघत होते. मशीननं नुकताच ॲल्युमिनियमच्या तुकड्यात एक गोल कापला होता. सुई त्याच्या कडेनं फिरत आली आणि एका जागी उडाली.

“किती?” प्रफुल्लनं विचारलं.

“तीन शतांश मिलिमीटर. केसाच्या निम्म्यानं चुकतोय.”

हे मशीन भंगारवाला बघूनही गेला होता. खलीलभाईंनीच अडवलं. “शेठ, याचं लोखंड अजून जवान आहे. डोकं तेवढं म्हातारं झालंय.” त्या एका शब्दावर प्रफुल्लनं जुना कंट्रोलर, जुन्या मोटारी, वायरींचं सगळं जंजाळ काढू दिलं होतं. वीस दिवस खपून नवा कंट्रोलर बसला. आता शनिवारी गिऱ्हाईक नमुना बघायला येणार होतं. नमुना पास झाला नाही, तर मशीन भंगारात जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर खलीलभाईंचा शब्दही.

नव्या कंट्रोलरच्या कंपनीकडून आलेला इंजिनिअर अश्विन लॅपटॉपमागून हसला. “चाचा, एवढं काय त्यात? वायच्या बाजूला, म्हणजे टेबल मागंपुढं सरकतं तिथं, थोडी ढिलाई आहे. मी कंट्रोलरमध्ये तेवढा आकडा भरतो. उलटं वळताना मशीन स्वतःच तेवढं जास्त सरकेल. पाच मिनिटांचं काम!”

“भरा, भरा,” प्रफुल्ल म्हणाला. “आणि भाई, तुम्ही निघा आता. लग्न पोरीचं आहे, मशीनचं नाही.”

आकडा भरला. दुसरा तुकडा कापला. गोल बांगडीसारखा आला. अश्विननं टाळी वाजवली.

खलीलभाई जागचे हलले नाहीत. त्यांनी मशीनच्या टेबलावर पंजा ठेवला आणि अश्विनला ते सावकाश मागंपुढं सरकवायला लावलं. दोनदा, तीनदा. मग हात काढून घेतला.

“शेठ, चूक माझी आहे.”

“कसली चूक? आला की गोल!”

“बाकी दोन्हीकडची बेअरिंगं मी उघडून बघितली. वायचं तेवढं हातानं चाचपून पास केलं. घरात लग्न, डोक्यात घाई. ते गेलंय. आकडा आज झाकेल. पण बेअरिंग झिजत जाईल आणि आकडा आहे तिथंच राहील. सहा महिन्यांनी तुमचा माल परत आला, तर मी तोंड कुठं लपवू?”

“सहा महिन्यांनी बघू ना.”

“मग तेव्हा बघणारा माणूस बोलवा. मी आज बघणार.”

“चाचा, कोणाला कळलंही नसतं,” अश्विन म्हणाला.

“मला कळलं ना, बेटा.”

तेवढ्यात घरून बायकोचा, सुरय्याचा, फोन आला. “सब पूछ रहे, दुल्हन का बाप किधर है. क्या बोलू?”

“बोल, एक काम बिगाड के रखा है. सुधार के आता.”

मागून अरिबाचा आवाज आला. “अब्बू, निकाह को तो आओगे ना?”

“जुम्मे के पहले,” खलीलभाई म्हणाले आणि पाना उचलला.

दुपारपर्यंत बेअरिंग बाहेर आलं. खलीलभाईंनी ते पुसून प्रफुल्लच्या हातावर ठेवलं. “फिरवा.” प्रफुल्लनं फिरवलं. आत वाळू भरल्यागत खरखर बोटांना लागली.  तो मोटरसायकल काढून स्वतः सातपूरला नवीन बेअरिंग आणायला गेला. अश्विननंही लॅपटॉप मिटला आणि बाह्या सरसावल्या.

गुरुवारी दुपारी सगळं जुळलं.

“आता आधी तुमचा तो आकडा काढा,” खलीलभाई अश्विनला म्हणाले.

आकडा शून्य केला. तिसरा तुकडा कापला. सुई कडेनं पूर्ण फिरली. हलली असेल तर जेमतेम. खलीलभाईंनी दोनदा साबण लावून हात धुतले आणि नांदगावची गाडी धरली. शुक्रवारच्या निकाहाला ते पहिल्या रांगेत होते. मेहंदीच्या मात्र एकाही फोटोत नाहीत.

शनिवारी नमुना पास झाला. मशीन तेव्हापासून दोन पाळ्या चालतंय.

खलील अन्सारी १२ ऑगस्ट २०२४ रोजी, सोमवारी सकाळी, नांदगावला आपल्या घरी वारले.