स्मशान काही पळून जात नाही

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. माझं डावं चाक कुरकुरतं आणि हातावरचं रेक्झिन फाटलं आहे. कारखान्यातून चकचकीत निघाले तेव्हा वाटलं होतं, थाटात मिरवेन. नशिबी आला जपानमधला एक वृद्धाश्रम. तिथे मला सगळे मुकाट्याने ढकलायचे.

मग परदेशातून एक पोर कामाला आली. तिला पॅकिंगच्या कारखान्यात दुप्पट पगार मिळत होता, पण तिथे दिवसभर कानात बोळे घालून गप्प उभं राहायचं. हिला तर जपानी अस्खलित बोलायचं होतं, म्हणून तिने आमचा आश्रम निवडला. ऐकून मी थक्क झाले. फोनवर तिची आईही थक्क झाली. “अगं, म्हातारी माणसं ढकलून कधी भाषा येते का?” असं तिने विचारलं.

माझ्यावर तेव्हा सुतारआजोबा बसायचे. तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. बागेत फिरता फिरता त्यांनी पोरीला बोलतं केलं. ती भरभर ढकलू लागली की म्हणायचे, “घाई कसली? स्मशान काही पळून जात नाही.” दोघंही खळखळून हसायची. वर्षभरात पोर घडाघडा बोलू लागली. त्या हिवाळ्यात आजोबा गेले.

पुढे तिने दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवरच्या नोकरीसाठी मुलाखत दिली. परतली ती पांढरीफटक होऊन, आणि माझ्यावरच धपकन बसली. साहेबांनी विचारलं होतं, पेशंट घाई करू लागला तर काय सांगाल? हिने बिनदिक्कत सांगितलं, घाई कसली, स्मशान काही पळून जात नाही. हिला वाटलं, समजूत घालायची हीच रीत. साहेबांचा आ वासलेला तसाच राहिला. मुलीच्या तोंडून कुणी फटकळ म्हातारा बोलतोय, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. मित्रांनो, माझी चाकंच थिजली. आमच्याकडे तिला तिच्या वयाचं भेटलंच कोण होतं? तिने रडत आईला कळवलं, की आता पॅकिंगलाच जाते.

दुसऱ्याच दिवशी आजोबांची मुलगी सामान न्यायला आली. बाप असताना तिला कधी सवड झाली नव्हती. घड्याळ बघत ती चष्मा, शाल, रंधा पिशवीत कोंबत होती. पिशवी फाटली. पोर वाकून वस्तू गोळा करू लागली आणि सवयीने बोलून गेली, “घाई कसली? स्मशान काही पळून जात नाही.” लगेच तिने जीभ चावली.

बाई जागच्या जागी खिळली. बापच बोलला की काय, म्हणून तिने दाराकडे पाहिलं, आणि माझ्यावर बसली.

“पुन्हा बोल,” ती म्हणाली.

पोर पॅकिंगला गेली नाही. बाई आता दर रविवारी येते आणि तिला तिच्या वयाला शोभेल असं बोलणं शिकवते. मित्रांनो, माझ्या चाकाला तेल घाला, ही विनंती आहेच. पण ढकलताना माझ्यावर बसलेल्या माणसाशी बोलत राहा, तो असेपर्यंत. शिकवणी संपली की बाई माझ्यावर बसते, पोर मला बागेत नेते. मग बाई मुद्दाम म्हणते, “जरा घाई कर ना,” आणि डोळे मिटून उत्तराची वाट बघते.