दादासोंच्या छातीचा एक्स-रे

मित्रांनो, मी एक जुना एक्स-रे आहे, माणदेशातल्या दादासोंच्या छातीचा. सांगलीतल्या एका लहानशा खोलीत माझा जन्म झाला. श्वास रोखून धरा म्हटल्यावर दादासोंना नेमका खोकला आला, म्हणून मी थोडा हललेलाच आहे.

माझ्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना बाजरी सांडावी तसे पांढरे ठिपके आहेत. मला दिव्यावर लावून डॉक्टर विचारत, काम काय करता? दादासो ताठ बसून सांगत, "शेती अन् मेंढरं." खरं तर ते सांगलीजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साच्यांची वाळू झटकायचे. पण धनगराच्या घरात काम विचारलं की मेंढरंच सांगायची. फाउंड्री ही त्यांना चार दिवसांची सोय वाटे.

मग काय, थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षयाचे उपचार सुरू झाले, तेही दोनदा. दादासो सकाळी गोळ्या घेत आणि त्याच वाळूत जात. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड कुठे आहे! पुढे मी खाटेखाली पडून राहिलो. ग्रहण पाहायला मुलांनी मला बाहेर काढलं, तेवढंच माझं कौतुक. तसं कधी पाहू नका, डोळे जातात.

दोन वर्षांनी जिना चढवेना, तेव्हा धोंडुबाई नवऱ्याला आणि मला विश्रामबागेतल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. दादासोंनी तेच उत्तर दिलं. धोंडुबाई मध्येच म्हणाल्या, "मेंढरं इकून बारा वर्सं झाली, मॅडम. ह्ये फाउंड्रीत हायेत. घरी येत्यात तवा पापण्यांवर धूळ असती."

बाईंनी मला पुन्हा दिव्यावर लावलं आणि बराच वेळ पाहिलं. हा सिलिकोसिस आहे, वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसली आहे, असं त्यांनी समजावलं.

"मग ती काढा की," दादासो म्हणाले.

"ती निघत नाही, दादा. आणखी जाऊ द्यायची नाही, एवढंच आता आपल्या हातात आहे."

त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

फाउंड्री सुटली. आता श्वासासाठी तोंडात मारायचा पंप आहे, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आहे. मित्रांनो, घरातल्या कुणाला दवाखान्यात न्याल तेव्हा त्याचं खरं काम डॉक्टरांना सांगा, त्याला लाज वाटली तरी सांगा. दादासो आता कुणीही विचारलं की फाउंड्रीच सांगतात. पण तेवढं सांगतानाही त्यांना दोनदा थांबावं लागतं.