उजव्या पंखावरचा मऊ पट्टा

हरेश विशे हवाई दलातून निवृत्त होऊन मुरबाडकडच्या आपल्या गावी आला आणि भाताच्या जुन्या गोदामात विमान बांधायला बसला. १९९८ सालची ही गोष्ट. लाकडी सांगाड्याचं, दोनच माणसं बसतील एवढं विमान. गावाने पोटभर चेष्टा करून घेतली. "हरेश, उतरवशील कुठं रे? आमच्या खळ्यावर?" हरेश हसायचा आणि रंध्याखाली पुन्हा लाकूड धरायचा.

पंखांना प्लायवूड ठोकून झालं तेव्हा त्याला लेप देणारा माणूस हवा होता. आटगावचा धाकलू कोणीतरी सुचवला. धाकलूने वीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवल्या होत्या. त्याची बायको सकुबाई आदल्या श्रावणात गेली आणि त्याने ते काम सोडलं. कामावरून आला की ती रॉकेलचा बोळा घेऊन त्याच्या हातावरचा चिकट माल पुसायची, आणि पुसताना बडबडायची. ती गेल्यावर घरात दुपार सरता सरत नव्हती. म्हणून रोज जवळच्या शहापूरहून एस.टी. पकडून तो हरेशच्या गोदामात यायला लागला. तिथे दिवस जायचा. त्याला तेवढंच हवं होतं.

पहिल्याच दिवशी हरेशने त्याला दोन डबे दाखवले, एकात लेपाचं रेझिन, दुसऱ्यात ते घट्ट करणारा हार्डनर. शेजारी वजनकाटा.

"शंभर ग्रॅमला पंचवीस. सव्वीस नाय, चोवीस नाय."

"टाकीला आमी अंदाजानं टाकतो, हरेशभाऊ. थंडीपावसात जरा जास्ती. माल लवकर घट्ट होतो."

"टाकीचा माल वेगळा, धाकलूदादा. तिथं हार्डनर नुसता चूल पेटवतो, जास्त टाकला तर जाळ वाढतो. हा एपॉक्सी. इथं हार्डनर स्वतःच मालात गुंततो. गौरीच्या फेरात बाया हात धरतात ना, तसं. रेझिनचा एक हात, हार्डनरचा एक हात, अशी साखळी होते. हार्डनर जास्त झाला की अर्ध्या बायांना धरायला हातच मिळत नाय. फेर पुरा होत नाय आणि लेप मऊ राहतो. कायमचा."

धाकलूने मान हलवली. महिनाभर त्याने काट्यावरच मोजलं. पंखावर काचेचं पातळ कापड अंथरायचं, त्यावर लेप ओढायचा, बुडबुडे दाबून काढायचे. त्याचा हात चांगला होता. हरेश दोनदा तसं म्हणालाही.

सकुबाईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी उजव्या पंखाचा खालचा पट्टा राहिला होता. लेक नम्रता दुपारच्या गाडीने आटगावला येणार होती. घर सारवायचं होतं, सामान आणायचं होतं. बाहेर धुकं आणि भिंतींना ओल. अशा हवेत लेप चिकटच राहील आणि काम उद्यावर पडेल, असं त्याच्या मनाने घेतलं. हरेश जेवायला घरी गेला होता. धाकलूने काट्यावर पंचवीस मोजले आणि मग वीस वर्षांच्या सवयीने हार्डनरचा डबा आणखी थोडा कलंडवला. पट्टा ओढला, हात पुसले आणि एस.टी. गाठली.

श्राद्ध झालं. कावळा लगेच शिवला. नम्रता म्हणाली, "आईला घाई असेल, बाबा." दोघंही रडले.

चौथ्या दिवशी तो गोदामात आला. पंखाच्या खालच्या बाजूला हात फिरवला तर मेणचट लागलं. दमट हवेत अशी साय धरते, पाण्याने धुतली की जाते, हे हरेशनेच शिकवलं होतं. धाकलूने फडकं ओलं करून सगळा पंख धुतला. बाकीचा पंख काचेसारखा झाला. मग त्या पट्ट्यावर त्याने अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं. खूण तशीच राहिली.

तो तिथेच बसला. पट्टा दोन वितींइतका रुंद आणि पंखभर लांब.

हरेश रंगाचे डबे घेऊन आला. त्याची लेक मनस्वी मागून ब्रश आणत होती.

"धुतलास? बरं झालं. आज रंगाचा पहिला हात मारू. ही म्हणते, पहिल्यांदा मीच बसणार."

"बसणारच!" मनस्वी म्हणाली. "आईला सांगून पण ठेवलंय."

रंग लागला असता तर कोणाला कळलं नसतं. एक-दोन उन्हाळ्यांत लेप सुटला असता, आत पाणी शिरलं असतं, प्लायवूड कुजलं असतं. कधी, हे कोणालाच सांगता आलं नसतं. आणि खरं सांगितलं तर उद्यापासून आटगावच्या घरात, दुपारी, एकट्याने बसायचं. धाकलूला हे दोन्ही एकदमच दिसलं.

"हरेशभाऊ, रंग नका मारू."

"का रे?"

"मी हार्डनर जास्ती टाकला. घरी जायची घाई होती."

हरेशने डबा खाली ठेवला. वाकून पट्ट्यावर नख दाबलं. पुढे सरकून आणखी एकदा दाबलं.

"किती जास्ती?"

"मोजला नाय."

"सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं."

मनस्वी ब्रश घेऊन घराकडे निघून गेली. हरेशने खडू दिला. "कुठून कुठपर्यंत, खूण कर."

धाकलूने पंखाखाली उताणं झोपून रेघ ओढली. एका जागी वाकडी गेली, ती पुसून पुन्हा ओढली.

"हे सगळं लाकडापर्यंत खरवडायला लागेल," हरेश म्हणाला. "आठ दिवस. प्लायवूडला पटाशी लागता कामा नये."

"मी करतो."

"करशीलच. पण काट्याला आता तू हात लावायचा नाय. माल मी कालवीन."

धाकलूला ते लागलं. वीस वर्षांत त्याच्या हातातून डबा कोणी काढून घेतला नव्हता. पण तो "बरं" म्हणाला. गोणपाट अंथरून पंखाखाली शिरला आणि खडूच्या रेघेच्या आतून पटाशी लावली. मऊ लेप सालीसारखा निघत होता, कापडासकट. तोंडावर पडत होता. हरेशही पटाशी घेऊन शेजारी आडवा झाला तेव्हा धाकलूने नुसतं सरकून त्याला जागा करून दिली.