दोन भावांमधला दोरखंड

मित्रांनो, मी एक जुना दोरखंड आहे. मनगटाएवढा जाड. माझं एक टोक वाफेच्या टगबोटीला बांधलेलं असे, दुसरं तिच्या मागून येणाऱ्या कोळशाच्या बार्जला. टग थोरला भाऊ चालवी. बार्जवर धाकटा असे. बार्जला, म्हणजे त्या सपाट मालवाहू नावेला, स्वतःचं इंजिन नव्हतं. टग तिला ओढी आणि ती माझ्या भरवशावर चाले.

"हा तुटायचा नाही," थोरला कौतुकानं म्हणायचा. मला केवढा अभिमान वाटायचा!

त्या दुपारी बंदर दिसू लागलं आणि वादळानं गाठलं. लाटा बार्जवर चढू लागल्या. कोळसा भिजला, तळात पाणी भरलं. ती बुडू लागली आणि माझ्यामुळे टगही मागे खेचली जाऊ लागली.

"दादा, दोर तोड!" धाकटा ओरडला.

थोरल्यानं कुऱ्हाड उचलली. माझ्यापाशी उभा राहिला. मग ती खाली ठेवली.

"पाणी भट्टीपर्यंत आलंय," टगच्या इंजिनात कोळसा टाकणारा भट्टीवाला म्हणाला.

"मला नाही जमणार रे," थोरला म्हणाला.

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या टोकावर घाव बसला. धाकटाच मला तोडत होता. मित्रांनो, मी काय करणार? तुटलो तर तो जाणार, टिकलो तर सगळेच. माझे पीळ एकेक करून सुटले. बार्ज दिसेनाशी झाली.

तरी टग वाचली नाहीच. भट्टी विझली, वाफ गेली, लाटांनी तिला खडकांवर आपटून फोडलं. माझं तुटकं टोक वाहत जाऊन किनाऱ्याच्या कपारीत अडकलं होतं. मला धरून थोरला आणि भट्टीवाला बाहेर आले.

आता मी थोरल्याच्या पडवीत खुंटीवर असतो. गावात बोलतात, भावाला सोडून आला. भट्टीवाल्यानं खरं सांगून पाहिलं. लोक म्हणाले, याचाही जीव वाचलाच की, हा त्याचीच बाजू घेणार.

एकदा धाकट्याची बायको आली. "भाऊजी, दोर कुणी तोडला?"

"त्यानंच," थोरला म्हणाला.

"तुम्ही असंच सांगणार," ती म्हणाली आणि निघून गेली.

घावाच्या खुणा माझ्या अंगावर आहेत, पण मला तोंड नाही. थोरला हल्ली जेवायलाही एकटाच बसतो. मित्रांनो, मला जपलं नाही तरी चालेल. जुना दोर कुजायचाच. पण बुडता बुडता परत आलेल्या माणसाजवळ जाऊन कुणीतरी बसा.